डिलिव्हरी बॉय कंपनीचा नोकर धरायचा की स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर?

अ‍ॅपवाल्यांच्या कागदावर तो नोकर नाही, 'पार्टनर' आहे. आता हे पार्टनर प्रकरण बघा, माझा भाचा इंदूरला विजयनगर-पलासिया साइडला खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो, गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पंक्चर पण त्याचंच, पण भाव काय मिळणार ते अ‍ॅप ठरवतं. परवा रात्री सराफ्याच्या गर्दीत अडकला, ऑर्डर गार झाली, रेटिंग पडलं आणि सकाळी बघतो तर आयडी बंद. असा कसला स्वतंत्र धंदा हो?

अशा केसमध्ये कोर्ट नुसतं करारातलं नाव नाही बघत, कंट्रोल कोणाचा ते बघतं. म्हणजे काम कसं करायचं कोण सांगतं, पैसे कोण ठरवतं, काढून कोण टाकतं. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये यावरूनच उबरच्या ड्रायव्हरांना 'वर्कर' मानलं, पूर्ण नोकर नाही, पण किमान वेतन आणि पगारी सुट्टी मिळाली.

आपल्याकडे 2020 चा सामाजिक सुरक्षा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालाय, त्यात गिग वर्कर (असं अ‍ॅपवरचं सुटं काम करणारे) म्हणून वेगळीच कॅटेगरी आहे, मालक-नोकर नात्याच्या बाहेरची. कंपनीने उलाढालीच्या 1 ते 2 टक्के या वर्करांच्या सामाजिक सुरक्षेच्या फंडात भरायचे (वर्करांना दिलेल्या पैशाच्या 5 टक्क्यांपर्यंतच), पण नोकरासारखा पीएफ नाही. तेव्हा ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नाव टाकून घ्या, आणि आयडी बंद झाल्याचे मेसेज, पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट नका करू, भांडायची वेळ आली तर तेवढंच हातात असतं.