“नुसतं बीएस्सी करून काय होतंय, मॅडम?”

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की लातुरात माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीबाहेरचं बाकडं पुरत नाही. एमबीबीएस नक्की झालेली मुलं माझ्याकडे कशाला येतील? येतात ती काठावर राहिलेली आणि काठाच्या बरीच अलीकडे राहिलेली. त्यांच्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: अजून एकदा रिपीट करू द्यावं, की बीएस्सीला टाकावं? इंजिनिअरिंगला ‘घालतात’, मेडिकलला ‘पाठवतात’, बीएस्सीला मात्र ‘टाकतात’. हा शब्द मुलांच्या कानावर पडतो तेव्हा त्यांची मान खाली जाते, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. तिला आणि तिच्या आईवडिलांना विचारून लिहिते आहे. नावगाव सांगत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत.

वडिलांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. मुलीने एकदा रिपीट केलं होतं. ७२० पैकी पहिल्या वर्षी तीनशेच्या आसपास, दुसऱ्या वर्षी चारशेच्या अलीकडे. खुर्चीवर टेकता टेकताच वडील बोलायला लागले.

“लेकराची दोन वर्षं गेली मॅडम. अजून एक घालावं म्हणतो. नाहीतर नुसतं बीएस्सी करून काय होतंय? आमच्या गल्लीत तिघं बीएस्सी होऊन बसलेत. एकजण तर माझ्याच दुकानात गोण्या मोजतोय.”

हे मी उडवून लावलं नाही, कारण ते खरं आहे. मी एवढंच विचारलं, “तो मुलगा कॉलेजात प्रयोगशाळेत किती उभा राहिला असेल?” वडील थोडं थांबून म्हणाले, “कॉलेजला जायचाच कुठं? परीक्षेपुरता जायचा.”

मग मी त्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि मुलीशी एकटीशी बोलले. बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पहिलं वाक्य आलं ते आईच्या पाटल्यांबद्दल. क्लासच्या फीसाठी त्या गहाण टाकल्या होत्या. “तिसऱ्यांदा पण नाही झालं तर?” एवढंच म्हणाली आणि रडली. मी रडू दिलं. अशा वेळी पुढच्या कोर्सची माहिती सांगायला बसू नये. ती कुणाच्या कानात शिरत नाही.

तुला काय व्हायचंय, हे मी तिला विचारलं नाही. त्याचं उत्तर दोन वर्षं तिच्याकडून घोकून घेतलेलं होतं. मी विचारलं, बारावीची प्रॅक्टिकल्स कशी झाली? ती म्हणाली, “जर्नल उतरवून काढलं. ब्युरेट परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा हातात धरला.” ब्युरेट म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची, तोटी असलेली काचेची नळी. प्रॅक्टिकलला विषयाला ३० गुण असतात, आणि तिला सगळीकडे अठ्ठावीस-एकोणतीस होते. असं सांगणारी ती पहिली मुलगी नव्हती. दोन वर्षं विज्ञान शाखेत काढून विज्ञानाला हात न लागलेली मुलं माझ्यासमोर बसतात, आणि विज्ञान आपल्याला जमत नाही असं समजून बसतात. मला याचा फार त्रास होतो.

“मग हाताने केलेलं, आवडलेलं काहीच नाही?”

“पप्पांच्या दुकानातलं माती परीक्षण,” ती म्हणाली. शेतकऱ्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचं काम सुट्टीत तीच करायची. कसं करतेस सांग, म्हटलं, तर आवाजच बदलला. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं धरायची. व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. सगळी एकत्र कालवून गोल पसरायची, बोटाने चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली परत कालवायची, परत चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. हे सांगताना तिने माझ्या टेबलावर बोटाने अधिकचं चिन्ह काढलं आणि दोन कोपरे हाताने झटकून टाकले. टेबलावर माती नव्हतीच, तरी झटकले.

नमुना चुकला तर पुढचं सगळं चुकतं, मग यंत्र कितीही महागाचं असो. औषध कारखान्यात काय, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काय, काम इथूनच सुरू होतं. ही मुलगी ते बिनचूक करत होती आणि घरात कुणी त्याला विज्ञान म्हणत नव्हतं.

वडील आत आल्यावर मी त्यांच्याच दुकानाचा विषय काढला. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी शिक्षणाची अट आली तेव्हा जुन्या दुकानदारांची धावपळ झाली होती. त्यांनीही ‘देसी’चा, म्हणजे कृषी निविष्ठा विकणाऱ्या दुकानदारांसाठीचा वर्षभराचा डिप्लोमा आठवड्यातला एक दिवस दुकान बंद ठेवून पुरा केला होता. मी म्हटलं, “त्याच नियमात कुणाला थेट परवाना मिळतो, आठवतंय? कृषी पदवीधराला, आणि रसायनशास्त्र, वनस्पतीशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेतलेल्या बीएस्सीवाल्यालाही.” ते गप्प झाले. मग मी विचारलं, खताचा नमुना अधिकारी काढून नेतात तो पुढे कुठे जातो? “सरकारी लॅबला.” तिथे तो तपासतं कोण? त्यांनी मुलीकडे बघितलं. त्या दिवशी एवढं पुरे होतं. निर्णय दहा दिवस घ्यायचा नाही, असं ठरवून उठलो.

या दहा दिवसांत तिला एक काम दिलं होतं: दोन-तीन कॉलेजं बघून यायचं. बघायची ती कमान आणि माहितीपत्रक नव्हे, प्रयोगशाळा. आठवड्यात प्रॅक्टिकल किती तास होतं? एक ब्युरेट एकाच्या वाट्याला येतो की चौघांत? वजनकाट्यावर झाकण आहे का, तो शेवटचा कधी तपासला त्याची चिठ्ठी आहे का? नव्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकायचं असतं, तर त्यासाठी मुलांना नेमकं कुठे पाठवणार? टेबलांवर आम्लाचे डाग असतील तर बिचकू नकोस, असंही सांगितलं. जिथे काम चालतं तिथे डाग पडतातच. लख्ख, कुलूपबंद प्रयोगशाळेची मला जास्त भीती वाटते.

यातल्या एका कॉलेजात मी स्वतः सोबत गेले. तिथल्या मॅडमनी तिला टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून सोडत त्याचं प्रमाण काढायचा प्रयोग, करून बघायला दिलं. फ्लास्कमध्ये आम्ल आणि आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. पहिल्यांदा तोटी जास्त उघडली आणि सगळं भडक गुलाबी झालं. ती कानकोंडी झाली. मॅडम म्हणाल्या, “पहिलं वाचन अंदाजाचंच असतं, लिहून ठेव.” दुसऱ्या वेळी शेवट जवळ आल्यावर तिने थेंब थेंब सोडला. एक थेंब पडला, गुलाबी आला, फ्लास्क हलवताच गेला. पुढचा पडला, परत गेला. त्याच्या पुढच्या थेंबाला रंग आला तो गेला नाही. बघितलं तर दिसेल, नाहीतर नाही, इतका फिकट. तिसरं वाचन दुसऱ्याशी जुळलं. वडील दारात चप्पल काढून उभे होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत, पण नजर फ्लास्कवर होती.

पुढच्या भेटीत आम्ही पुढच्या वाटांवर बोललो, आणि मी काही झाकून ठेवलं नाही. बीएस्सीनंतर लगेच नोकरी धरली तर सुरुवातीचा पगार थोडा असतो. कुरकुंभ, महाड किंवा तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट असतात, घर लांब राहतं. मुलगी असेल तर राहण्याचं काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पण तिथून वर जायला पायऱ्या आहेत. औषध कारखान्यात उत्पादनावर देखरेख करायला एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) मान्यता असलेली माणसं लागतात. फार्मसीवाल्यांबरोबर, रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बीएस्सी झालेली आणि नंतर तीन वर्षं औषधनिर्मितीत काम केलेली व्यक्तीही त्यासाठी पात्र ठरते. भाभा अणुसंशोधन केंद्र बीएस्सीवाल्यांना विद्यावेतन देऊन प्रशिक्षणार्थी म्हणून घेतं. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायला सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाची पदवी चालते. रसायनशास्त्र असेल तर मात्र एमएस्सी लागते. ज्याला संशोधनात जायचंय त्याने बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी आणि एमएस्सीला आयआयटी गाठावी. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आपल्याच राज्यात आहे, आणि तिथल्या पीएचडीची वाट याच बीएस्सी-एमएस्सीवरून जाते.

विषय निवडताना तिला बायोटेक्नॉलॉजी खुणावत होतं. नाव भारी आहे, मैत्रिणीही तिकडेच निघाल्या होत्या. माझं मत मी स्पष्ट सांगितलं: जीवशास्त्राची कितीही ओढ असली तरी पदवीला रसायनशास्त्र सोडू नकोस. बायोटेकमध्ये चांगलं काम बहुतेक एमएस्सीनंतरच हाती येतं. रसायनशास्त्राला मात्र पाण्याच्या, खताच्या, औषधाच्या, साखर कारखान्याच्या, सगळ्याच प्रयोगशाळांत मागणी आहे, आणि घरची परिस्थिती बघता तिच्यासाठी हे महत्त्वाचं होतं. माझे काही सहकारी याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते मुलांना आवडेल तोच विषय घेऊ द्यावा. मी पाटल्या विसरू शकले नाही.

सगळ्यांनाच मी बीएस्सी सांगत नाही. त्याच महिन्यात एका मुलाला अजून एक वर्ष दे असं सांगितलं. थोडक्यात हुकला होता आणि डॉक्टर व्हायची इच्छा त्याची स्वतःची होती. तर तासन्तास उभं राहून तेच तेच मोजणं हा आणखी एकाच्या स्वभावातच नव्हता. प्रयोगशाळा बघून आल्यावर त्याने स्वतःच नको म्हटलं.

हिने रसायनशास्त्र मुख्य आणि सूक्ष्मजीवशास्त्र जोडीला घेतलं. पहिले दोन महिने जड गेले. नीटची जुनी पुस्तकं पलंगाखाली होती, ती काढू देत नव्हती. दिवाळीत आली तेव्हा पिशवीत प्रयोगवही होती. आकडा चुकलेल्या जागी एकच आडवी रेघ मारलेली, खालचा आकडा वाचता येतोय, शेजारी सही आणि तारीख. वडिलांनी घरी ती वही बघून विचारलं होतं, “व्हाइटनर लावून नीट का लिहीत नाहीस?” तिने त्यांना सांगितलं, “चूक झाकायची नसते, पप्पा. काय चुकलं तेही पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे.” औषध कंपन्यांच्या नोंदवह्यांत हाच नियम असतो आणि तो मोडला तर नोकरीवर येतं. मला ती वही बघून दुसरंच वाटलं. चारशेच्या अलीकडचा तो आकडाही ती आता न खोडता, न लपवता बोलायला लागली होती. पुस्तकं फेब्रुवारीत तिने गावातल्या एका मुलीला देऊन टाकली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. आधी बराच वेळ पावसाचं, सोयाबीनचं बोलले. एका शेतकऱ्याने आणलेला मातीचा नमुना पोरीने परत पाठवला, हे सांगितलं. उकिरड्याजवळची माती होती म्हणे, आणि गिऱ्हाईक रुसलं. मग म्हणाले, “मॅडम, ते जॅम का काय, त्याचा फॉर्म कधी निघतो?”

“सप्टेंबरच्या सुमारास. पण ती शेवटच्या वर्षाला गेल्यावर.”

“लिहून ठेवतो,” ते म्हणाले, आणि दुकानात कुणाला तरी पेन मागितलेलं मला फोनवर ऐकू आलं.