आई-बाबांना कातळावर नेताना

अरे, घरच्यांपासून चोरून कातळ चढायला जाऊ नकोस. रत्नागिरीत बातमी तुझ्याआधी घरी पोचते! त्यापेक्षा ओटीवर दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) पसरून ठेव आणि आईच्या हातात कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, दे. त्यावर २२ किलोन्यूटन असं कोरलेलं असतं; म्हणजे साधारण २२०० किलोचा भार. माझ्या आईने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग दोर हार्नेसला बांधायची आठाची गाठ स्वतः मारून बघितली, माझ्या गाठीबाहेर उरलेलं दोराचं टोक बघितलं आणि मलाच म्हणाली, "शेपूट आखूड ठेवलंस की रे!" बरोबर होतं तिचं.

पहिल्यांदा टॉप रोपच दाखव. दोर वरून असतो, त्यामुळे दोर ताणून धरलेला असला की हात सुटला तरी माणूस थोडासाच खाली येऊन लोंबकळतो. ते डोळ्यांनी पाहिलं की निम्मी धास्ती जाते. जागा मात्र घट्ट बेसॉल्टची निवड. आपल्या जांभ्यावर नाही, तो हातात भुगा होऊन येतो.

बाबांना चढायचंच असेल तर आधी रक्तदाब, गुडघे डॉक्टरांना दाखवा. बिले, म्हणजे खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळायचं काम, अनुभवी माणसाकडेच दे. तुझ्याकडे एवढ्यात नको, राग आला तरी चालेल. पावसाळ्यात तर नावच काढू नकोस. आणि हेल्मेट आईलाही, ती नुसती खाली डबा घेऊन बसणार असली तरी.