मुलांच्या नाटकात घरचं भांडण आलं तर?

मुलांकडून नवं नाटक लिहून घेऊन बसवणारे शिक्षक माझ्याकडे येतात ते बहुतेक एकच काळजी घेऊन. मुलं लिहितात खरी, पण त्यात घरातलं काहीतरी उतरतं. मग ते ठेवायचं की गाळायचं?

असेच एक सर आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांच्या सातवीच्या मुलांनी गटागटाने प्रवेश लिहिले होते. एका मुलीच्या प्रवेशात आईबाबांनी अबोला धरलेला आणि लेक मधली निरोप्या. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." वाचताना वर्ग खो खो हसला, सरांना मात्र घाम फुटला.

"मॅडम, हे तिच्या घरचंच असणार. प्रयोगाला पालक समोर बसतील. काढूनच टाकतो."

"तिला विचारलंत?"

"काय विचारू? घरी सगळं ठीक आहे ना, असं?"

"ते नको. एवढंच विचारा, या प्रवेशात तुला कोणाचं काम करायचंय?"

पुढच्या वेळी सर आले ते बुचकळ्यात पडून. "लेकीचं काम तिला नकोय. आईचं हवंय."

तालमीत ती आई झाली. निरोप घेऊन आलेल्या 'लेकी'ला तिने संहितेत नसलेलंच वाक्य ऐकवलं: "तू अभ्यासाला बस. मी सांगते त्यांना." सगळे गप्प झाले. मग बाबांचं काम करणारा मुलगा आपणहून म्हणाला, "आता मला उत्तर द्यावं लागेल." आणि गट पुढचा भाग नव्याने लिहायला बसला.

नाटकातून मानसोपचार करण्याची पद्धत रुजवणारे मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९२०च्या दशकात व्हिएन्नात तयार संहितेशिवाय नाटकं करून पाहिली. भूमिकांची अदलाबदल ही त्यांची मोठी देणगी, आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. त्या मुलीकडून घरची हकीकत काढून घ्यायची गरजच नव्हती. तिला हवी होती निरोप्याची जागा सोडून उभं राहायला दुसरी जागा. माझ्या एका साध्या प्रश्नाने ती मिळाली, याचं समाधान मी कशाला लपवू?

म्हणून शिक्षकांना सांगते, "हे तुझ्या घरचं का?" असं वर्गासमोर कधीही विचारू नका. हे पात्र आता काय करेल, ते विचारा. नावं, वयं, नाती बदलायला लावा. तालीम संपली की ओढणी, चष्मा उतरवून प्रत्येकाने स्वतःचं नाव मोठ्याने घ्यावं, म्हणजे पात्र तिथेच राहतं. मात्र लिखाणात मारहाण, लैंगिक त्रास किंवा जीव देण्याचे विचार डोकावले, तर नाटक बाजूला ठेवा. त्या मुलाशी एकट्याने, शांतपणे बोला. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, आणि शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. तिथे अभिनयाच्या खेळाचं काम नाही.

"पण पालकांचं काय?" सरांनी शेवटी विचारलंच.

"प्रवेश ठेवायचा की नाही, हे तिला ठरवू द्या. आणि तो निघाला तरी नाटक अडणार नाही, अशी बांधणी करा. ती आदल्या दिवशीही नको म्हणू शकते."

"आदल्या दिवशी? मग नेपथ्याचं काय?"

"दोन खुर्च्याच तर आहेत, सर."