जुनी डिस्क लावल्यावर "फॉरमॅट करा" असं येतंय? आधी कॅन्सल दाबा

तुमचा जुना पीसी बंद पडलाय, त्याची हार्ड डिस्क काढून यूएसबीने नवीन कॉम्प्युटरला लावली तर विंडोज फॉरमॅट करायला सांगतंय आणि कोणीतरी सीएचकेडिस्क (chkdsk, विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा म्हणालंय, बरोबर ना? दोन्ही करू नका प्लीज. तुमचे फोटो आणि बाकी फाइल बहुतेक अजून डिस्कवरच असतील, पण जुन्या डिस्कवर आता काहीही लिहिलं जाता कामा नये. सीएचकेडिस्कचं काम फाइल सिस्टिम (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद) सुसंगत करणं, तुमच्या फाइल वाचवणं नाही, त्या नादात तुटलेल्या फाइलचे तुकडे करून फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये टाकून देतं आणि मग कुठला तुकडा कशाचा ते शोधत बसा.

आधी पॉवर बघा. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते नुसत्या यूएसबीतून मिळत नाहीत, अ‍ॅडॉप्टरला वेगळी पिन हवीच. लॅपटॉपची २.५ इंची असेल तर ५ व्होल्टवर चालते, तरी पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावून बघा, कधीकधी एवढ्यानेच काम होतं.

डिस्कवर कुलूप दिसत असेल तर तो बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन आहे, ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. कीशिवाय कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, पैसे घालवू नका.

आता आवाज ऐका. टकटक येत असेल तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या, दर वेळी चालू केलं की डिस्कमधल्या फिरणाऱ्या प्लेटवर अजून ओरखडे पडू शकतात.

आवाज ठीक असेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता ज्यावरून थेट लिनक्स चालतं) बनवा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू (ddrescue) या खराब डिस्क वाचणाऱ्या टूलने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्या. मला हे टूल फार आवडतं कारण ते सोपा भाग आधी वाचून घेतं, खराब सेक्टरकडे (डिस्कच्या न वाचता येणाऱ्या भागांकडे) नंतर वळतं आणि मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) दिली असेल तर मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. वेळ लागेल, लागू द्या. मग सगळे प्रयोग त्या इमेजच्या कॉपीवर, आधी टेस्टडिस्क (TestDisk) या टूलने हरवलेलं पार्टिशन (C:, D: असा डिस्कचा भाग) सापडतंय का बघा, सापडलं तर फोल्डर आणि नावं जशीच्या तशी मिळतात. फोटोरेक (PhotoRec, सुट्या फाइल शोधून काढणारं टूल) अगदी शेवटी, कारण तो बहुतेक फाइलची मूळ नावं गमावतो आणि हजारो फोटो हाताने लावत बसावं लागतं.

फाइल दिसायला लागल्या की फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून थांबू नका हं, यूझर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरात अ‍ॅपडेटा (AppData) हा फोल्डर लपलेला असतो, त्यात थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमचे मेल, फायरफॉक्सचे बुकमार्क असतात. विंडोजमधून उघडताना परवानगी नाही असं आलं तर घाबरू नका, जुन्या यूझरचे हक्क आहेत ते, फाइल गेलेल्या नाहीत.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुनी डिस्क रॉ (RAW, फाइल सिस्टिम ओळखता येत नाही) दिसतेय, अनअलोकेटेड (Unallocated, पार्टिशनच नाही), की साइजच चुकीची येतेय? तेवढं बघून सांगा, तिथे काही क्लिक न करता, म्हणजे टेस्टडिस्कमध्ये पुढे काय निवडायचं ते लिहितो.