जुन्या ब्रिटिश वृत्तपत्र कचेऱ्यांत छपाईयंत्रं तळघरात आणि जुळारी (छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार) वरच्या मजल्यावर का असत?
वजन आणि उजेड. वाफेवर चालणारं रोटरी (फिरत्या रुळांचं) छपाईयंत्र काही टनांचं. त्याचे हादरे वरच्या मजल्यांना सोसवले नसते, म्हणून ते खाली, भक्कम पायावर. जुळाऱ्याला मात्र शिशाचा बारीक खिळा चिमटीत धरून त्यावरचं उलटं अक्षर वाचायचं असे. त्यासाठी छतातल्या काचांतून येणारा उजेड हवाच.

आणि अशा इमारतींची दर्शनी भिंत ही मालकाची जाहिरात! माझी सर्वांत आवडती ब्रिस्टलच्या एव्हरार्ड छापखान्याची (१९००-०१). तिथं वृत्तपत्र निघत नसे, पण चकाकत्या रंगीत टाइल्समध्ये एका बाजूला युरोपातल्या खिळाछपाईचा जनक गुटेनबर्ग, दुसऱ्या बाजूला एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कलाकार-मुद्रक विल्यम मॉरिस, दोघंही आपापल्या यंत्राशी कामात गुंतलेले. मागची इमारत १९७० च्या सुमारास पाडली. भिंत वाचली, हे केवढं भाग्य.