जुन्या रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅस्पर्जर’ (ऑटिझमचा एक प्रकार) होतं, नव्यात ‘एएसडी, लेव्हल १’ (एएसडी म्हणजे ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर) आहे. निदान बदललं का?

उत्तर: नाही, वर्गीकरण बदललं. डीएसएम ही मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका. तिच्या १९९४ च्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएम-४ मध्ये, ऑटिस्टिक डिसऑर्डर, अ‍ॅस्पर्जर, पीडीडी-एनओएस (ऑटिझमसारखं, पण बाकी प्रकारांत न बसणारं) अशी वेगवेगळी निदानं होती. अडचण अशी, की त्याच मुलाला एका ठिकाणी अ‍ॅस्पर्जर म्हणत आणि दुसरीकडे पीडीडी-एनओएस. म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ ने ती सगळी ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डरमध्ये घेतली. जुनं निदान पक्कं असेल तर ते एएसडीच धरावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मिक्सरचा आवाज किंवा शर्टाचं लेबल सहन न होणं यासारख्या संवेदनांच्या तक्रारीही तेव्हापासून निकषांत आल्या. शिवाय ऑटिझमसोबत एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान करायला पूर्वी मनाई होती, ती उठली.

लेव्हलबद्दल मात्र फार गैरसमज आहेत. ते बुद्धीचं मोजमाप नाही. रोजच्या जगण्यात किती आधार लागतो, ते १ ते ३ मध्ये सांगतात. तेही सामाजिक संवाद आणि पुनरावृत्तीचं वागणं या दोन्हींसाठी वेगवेगळं. रिपोर्टवर एकच आकडा असेल तर डॉक्टरांना दोन्ही विचारून घ्या. वय, ताण, शाळा यांनुसार तो बदलू शकतो.

आणखी एक, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ही लेव्हल चालत नाही. तिथे ‘इसा’ (आयएसएए) ही ऑटिझमची तीव्रता मोजणारी ४० प्रश्नांची भारतीय चाचणी वापरतात. ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. जुना रिपोर्ट फेकू नका, सोबत न्या.