स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडचा गडद प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) ऐकायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

माझं उत्तर: कल्ट ऑफ लूना. उत्तर स्वीडनमधल्या उमेओ शहराचा हा बँड १९९८ साली सुरू झाला. डिसेंबरच्या शेवटी तिथे जेमतेम साडेचार तास उजेड असतो. मेशुगा हा मेटल बँडही याच गावचा, आणि नव्वदच्या दशकात तिथे हार्डकोअर पंक (पंक रॉकचा जास्त वेगवान, आक्रमक प्रकार) जोरात होतं. कल्ट ऑफ लूनाची मुळं त्या पंकमध्येच आहेत, म्हणून त्यांच्या गायनात सूर कमी आणि आरोळी जास्त. पहिल्यांदा कानाला टोचेल, पण तेवढ्यावरून सोडून देऊ नका.

आधी २०१३ चा ‘व्हर्टिकल’ हा अल्बम लावा. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटावरून तो सुचलेला आहे. त्यातलं ‘व्हायकेरियस रिडेम्प्शन’ जवळजवळ १९ मिनिटांचं आहे. कितीतरी वेळ नुसती यंत्रांसारखी घरघर, मग एकेक गिटार येऊन बसते, आणि वजन वाढत वाढत शेवटी अंगावर येतं. विलंबित ख्यालाची बढत शांतपणे ऐकणाऱ्याला हा धीर मुद्दाम शिकावा लागणार नाही. मला तरी या बँडचं खरं बळ आवाजाच्या मोठेपणात नाही, या थांबण्यात दिसतं.

आरोळ्या जडच जात असतील तर २०१६ चा ‘मरिनर’ घ्या. त्यात अमेरिकन गायिका ज्युली ख्रिसमस आहे. ‘द लाँग रोड नॉर्थ’ (२०२२) नंतरसाठी ठेवा. हेडफोन मात्र चांगला हवा, मोबाइलच्या स्पीकरवर खालचे स्वर पार हरवतात.